आई ओठ मिटते आणि सही माझी मागतात

प्रश्न (लेक, पाचपाखाडी, ठाणे)

माझी आई 79 वर्षांची असून सहा वर्षांपासून तिला स्मृतिभ्रंश आहे. गेले तीन आठवडे दुधात कुस्करलेली भाकरीसुद्धा ती उजव्या गालात घोळवत बसते आणि शेवटी ताटलीत काढून टाकते. रात्री डावा गाल तळहाताने दाबून कण्हते, मात्र कुठे दुखते असे विचारले की "काही नाही गं" म्हणते. दंतवैद्यांनी खालची डावी दाढ मुळापर्यंत किडल्याचे सांगितले. खुर्ची मागे झुकताच तिने ओठ घट्ट मिटले आणि त्यांचा हात बाजूला सारला. तेव्हा संमतीपत्र माझ्यापुढे आले आणि दोघींनी तिचे हात धरले तर दहा मिनिटांत दाढ निघेल, असे मला सांगण्यात आले. मी सही न करता तिला घरी आणले. माझी सही तिच्या संमतीची जागा घेते का? आणि तिचे ओठ मिटणे हा नकार मानायचा की आजार?

उत्तर (वकील, वाशी)

सज्ञान व्यक्तीच्या वतीने संमती देण्याचा अधिकार आपल्याकडे केवळ नात्याने आपोआप मिळत नाही. समीरा कोहली प्रकरणात रुग्ण भुलीखाली असताना तिच्या आईची संमती घेऊन शस्त्रक्रिया झाली होती. रुग्ण सज्ञान होती आणि जिवाला तातडीचा धोका नव्हता, म्हणून सर्वोच्च न्यायालयाने 2008 मध्ये ती संमती ग्राह्य धरली नाही. अर्थात ती रुग्ण शुद्धीवर आल्यावर स्वतः निर्णय घेऊ शकत होती, तुमच्या आईंचे तसे नाही. भारतीय न्याय संहितेचे कलम 27 मनोविकल व्यक्तीच्या हितासाठी, तिच्या पालकाच्या किंवा जिच्याकडे तिचा कायदेशीर सांभाळ आहे अशा व्यक्तीच्या संमतीने, सद्भावनेने केलेल्या कृतीला संरक्षण देते. मात्र हे संरक्षण गुन्ह्याच्या आरोपापासून आहे. त्यातून जबरदस्तीचा परवाना मिळत नाही. 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली स्थानिक समिती पालक नेमते, पण त्या कायद्यात स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता एवढ्याच अवस्था येतात. स्मृतिभ्रंश त्यात नाही.

उत्तर (दंतवैद्य, नेरुळ)

वकिलांचे म्हणणे मान्य करून मी एवढेच म्हणेन की सही आमच्या फाइलसाठी असते, रुग्णाला तिने काहीच कळत नाही. आईंचा नकार नेमका कशाला आहे, हे आधी शोधा. दाढ काढण्याला, डोळ्यांवर येणाऱ्या दिव्याला, की पाठ मागे जाण्याला? यांतल्या शेवटच्या दोन गोष्टी टाळता येतात. अशा रुग्णांना मी सकाळी, त्या ताज्या असताना बोलावतो, खुर्ची सरळ ठेवतो आणि पहिल्या भेटीत आरसा फक्त त्यांच्या हातात देतो. कीड वरवरची असेल तर सिल्व्हर डायमाइन फ्लोराइड हे द्रव औषध लावून, यंत्र न चालवता ती थांबवता येते; दात काळा पडतो, हे मात्र आधी सांगावे लागते. तुमच्या वर्णनावरून येथे तेवढ्याने भागेल असे वाटत नाही. आईंनी तोंड मिटले म्हणून दाढ तशीच सोडून देणे हाही आपणच घेतलेला निर्णय ठरतो, कारण पू जबड्याखाली आणि गळ्यात उतरला तर जिवावर बेतू शकते. गालावर सूज, ताप किंवा गिळायला त्रास दिसला तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा. तसे नसेल तर भूलतज्ज्ञाच्या उपस्थितीत गुंगी देऊन दाढ काढण्याचा विचार करावा. पूर्ण भूल दिल्यास या वयात नंतर काही दिवस भ्रम वाढू शकतो, हे तोलूनच ठरवा. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ती स्वतःहून बंद करू नका.

उत्तर (सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलाचे वडील, ऐरोली)

मुलगा सतरा वर्षांचा असताना मी स्वतः त्याचे हात धरले होते. दात निघाला, पण त्यानंतर पाच महिने त्याने ब्रश तोंडात घेऊ दिला नाही आणि त्यात आणखी दोन दात किडले. डॉक्टरांच्या म्हणण्यात मी एवढीच भर घालेन की गुंगीचे औषधसुद्धा पेल्यात लपवून देऊ नये. समजो न समजो, त्याला सांगून द्यावे.

प्रश्नकर्तीचे उत्तर

सर्वांची मी मनापासून आभारी आहे. काल सकाळी आरसा आईच्या हातात दिला. तिने आधी त्यात आपले केस नीट केले, मग स्वतःच तोंड उघडून डाव्या बाजूला बोट ठेवले आणि "इथे" म्हणाली. सोमवारी सकाळची वेळ घेतली आहे, भूलतज्ज्ञही येणार आहेत. त्या दिवशी औषध देण्याआधी मी तिला पुन्हा विचारणार आहे.