मिनेसोटात घरामागे वाइनची द्राक्षं लावायची आहेत, सल्ला हवा

मेघदूत_एमएन
मंडळी, सेंट पॉलच्या आग्नेयेला, शहराबाहेर जागा आहे. त्यातल्या अर्ध्या एकरावर वाइनची द्राक्षं लावायचा विचार आहे. दक्षिणेकडे हलका उतार, उताराच्या खालच्या टोकाला स्प्रूसची दाट रांग. माती चिकण-पोयट्याची, पीएच ७.१, सेंद्रिय पदार्थ ५ टक्के. पश्चिमेला शेजाऱ्याचं मका-सोयाबीन. वाइन घरीच प्यायची, विकायची नाही.
साधारण ३०० वेली मनात आहेत. निफाडचे मामा म्हणतात, डॉगरिज नावाच्या खुंटावर कलम करा, वाय पद्धतीचा मांडव घाला आणि खड्ड्यात भरपूर शेणखत टाका. इथे हे चालेल का? जाती कोणत्या घ्याव्यात? लागवड पुढच्या मे महिन्यात.

हिमवेल
आधी ३०० चा आकडा खाली आणा. चौथ्या वर्षापासून एका वेलीला ८-१० पौंड माल धरा. ३०० वेलींचे झाले २७०० पौंड. एक गॅलन वाइनला १३ पौंडांच्या आसपास द्राक्षं लागतात, म्हणजे दोनशे गॅलनच्या वर वाइन. अमेरिकेत घरगुती वाइनची केंद्रीय मर्यादा वर्षाला २०० गॅलन आहे, तीही घरात दोन प्रौढ असतील तर. एकटा प्रौढ असेल तर १००. शंभर वेलींतूनच साडेतीनशेच्या आसपास बाटल्या निघतात. छाटणी, फवारणी आणि जाळी धरून शंभर वेली शनिवार-रविवारात जेमतेम उरकतात.

जातींचं म्हणाल तर शार्दोने, कॅबरने विसरा. व्हिनिफेराचे (म्हणजे या युरोपी जातींचे) डोळे उणे २० ते २५ सेल्सिअसला मरतात आणि जानेवारी २०१९ मध्ये मिनीॲपोलिसने उणे ३३ पाहिलंय. तुमच्या कामाच्या जाती या:

मार्केट (मिनेसोटा विद्यापीठ, २००६): लाल, पिनो न्वारच्या वंशातली. साखर २४-२६ ब्रिक्सला (रसातल्या साखरेचं माप) सहज जाते, आम्लता आटोक्यात. दोष एकच, पण मोठा: वसंतात लवकर फुटते आणि मेमधल्या दहिवरात (रात्री गोठणाऱ्या दवात) सापडते.
इटास्का (२०१७): पांढरी, या घराण्यात सगळ्यात कमी आंबट. नवख्याने पांढरी एकच लावायची तर हीच.
पेटिट पर्ल: टॉम प्लोचर यांनी काढलेली लाल जात. उशिरा फुटते, त्यामुळे दहिवर चुकवते. टॅनिन मार्केटपेक्षा चांगलं. पिकतेही उशिरा, म्हणून जागा उबदार हवी.
फ्रोंटेनॅक (१९९६): थंडीला सगळ्यात दणकट, माल भरपूर. पण आम्लता लिटरला १२-१६ ग्रॅम. ती उतरवायचं तंत्र हातात नसेल तर पहिल्यांदा नको.
ला क्रेसेंट (२००२): जर्दाळूसारखा सुंदर वास, पण पानांवर डाऊनी (केवडा रोग) येतो आणि पिकल्यावर मणी गळतात.

माझं मत: मार्केट ५०, इटास्का ३०, पेटिट पर्ल २०. हौसेने आठ जाती दहा-दहा लावू नका. प्रत्येकीची तोडणी वेगळ्या आठवड्यात येते आणि प्रत्येकीची टाकी वेगळी लागते.

शिवार_वेस्ट
जातींआधी जागा बघा. स्प्रूसची रांग उताराच्या खालच्या टोकाला आहे म्हणता. थंड हवा जड, रात्री उतारावरून खाली वाहते. रांग तिला धरणासारखी अडवते आणि खालच्या ओळी गारठ्यात बुडतात. रांगेत १५-२० फुटांची वाट मोकळी करा, नाहीतर निदान खालचा ४०-५० फुटांचा पट्टा रिकामा सोडा. कोवळी फूट उणे २ सेल्सिअसलाच करपते. वर वाचेल आणि खाली जाईल, असं एकाच बागेत होतं.

निचरा मोजून घ्या. फूटभर रुंद, दोन फूट खोल खड्डा खणा, पाणी भरून मुरू द्या, मग पुन्हा भरा आणि तासाला किती उतरतं ते पाहा. एक इंचापेक्षा कमी असेल तर आधी जमिनीखालून निचऱ्याचे पाइप टाका. मुळाशी पाणी साचलं की काडी (त्या वर्षीची फूट) पिकून टणक होत नाही, आणि न पिकलेली काडी जानेवारीत मरते.

पीएच ७.१ जरा वरचा आहे, पण चालेल. फक्त चुना टाकू नका. ५ टक्के सेंद्रिय पदार्थ म्हणजे जमीन आधीच माजलेली आहे. शेणखत, कंपोस्ट, युरिया काही नको. दोन ओळींमध्ये गवत वाढू द्या, ते जास्तीचं पाणी आणि नत्र ओढून घेईल.

आता खरा धोका. मका-सोयाबीनवर २,४-डी आणि डायकांबा ही तणनाशकं मारतात आणि द्राक्ष या दोन्हींना कमालीचं नाजूक. पानं पंख्यासारखी आकसतात, शिरा समांतर होतात, फुलोऱ्याच्या आसपास झळ बसली तर मणी धरत नाहीत. ड्रिफ्टवॉचच्या (फवारणी करणाऱ्यांना नाजूक पिकं दाखवणाऱ्या) नकाशावर फक्त व्यावसायिक आणि किमान अर्ध्या एकराची लागवड नोंदवता येते, म्हणजे तुमची बसणार नाही. म्हणून शेजाऱ्याला हिवाळ्यातच भेटा, ओळींचा नकाशा द्या, फवारणीआधी मेसेज करायला सांगा. आणि स्वतःच्या लॉनवर तणनाशक मिसळलेलं खत टाकत असाल तर थांबा. त्यातही बहुधा २,४-डी असतं. शेजाऱ्यावर ठपका ठेवण्याआधी आपल्या गॅरेजमधली पिशवी वाचावी.

नाशिककर_विस्कॉन्सिन
मामांचा सल्ला निफाडसाठी शंभर टक्के बरोबर, इथे जवळजवळ उलटा.
डॉगरिज तिकडे क्षार आणि पाण्याचा ताण सोसायला वापरतात. इथे स्वतःच्या मुळावरचीच रोपं घ्या. एखाद्या हिवाळ्यात वेल जमिनीपर्यंत मेली तरी मुळातून तीच जात फुटते. कलम असेल तर खालून खुंट फुटतो आणि बसा.
एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची गोडी छाटणी, हा हिशोब डोक्यातून काढा. तिकडे वेल झोपत नाही म्हणून दोनदा कात्री लावावी लागते. इथे छाटणी एकच, मार्च-एप्रिलमध्ये. ऑक्टोबरात चुकूनही कात्री लावू नका. जीएत (जिब्रेलिक आम्ल, मणी फुगवायचं संजीवक) घड बुडवणं, मणी विरळणी, यातलं काहीच नाही. वाइनला छोटा मणी आणि जास्त साल हवी.
वाय आणि मांडव टेबल द्राक्षांच्या वजनासाठी आणि तिथल्या उन्हासाठी. इथे ऊन घडावर पडायला हवं, ते आम्लता उतरवतं. सहा फुटांवर एकच तार, तिच्यावर ओलांडा (वेलीची आडवी कायम फांदी), फूट खाली लोंबती.

मेघदूत_एमएन
भरपूर मिळालं, आभार. शंभर वेली ठरल्या. खांब-तारेचा हिशोब आणि पहिल्या तीन वर्षांत काय करायचं, हे कोणी सांगेल का?

तारकाम
ओळी उत्तर-दक्षिण, दोन ओळींत १० फूट, दोन वेलींत ६ फूट. २० वेलींच्या १२० फुटी पाच ओळी. दोन्ही टोकांना यंत्र वळायला २५ फूट मोकळे.

टोकाचे खांब १०: १० फुटी, ६ इंच जाड, दाबप्रक्रिया केलेलं लाकूड, ४ फूट जमिनीत, बाहेरच्या बाजूला किंचित झुकवून. प्रत्येकाला मागे स्क्रू अँकर. मधले खांब २०, दर २४ फुटांवर: ८ फुटी, ३-४ इंची, २ फूट जमिनीत. वर सहा फुटांवर एकच तार, साडेबारा गेजची हाय टेन्साइल. ओळींना ६०० फूट पुरते, गुंडाळी ४००० फुटांची येते, उरलेली शेजाऱ्याला द्या. ठिबकच्या नळीसाठी दोन फुटांवर दुसरी तार घ्या. ताण द्यायला प्रत्येक तारेला एक ग्रिपल (तार ताणून धरणारा चाप).

खांबाभोवती काँक्रीट ओतू नका. इथे जमीन तीन-चार फूट गोठते. वर रुंद झालेला काँक्रीटचा गोळा गोठणाऱ्या मातीच्या पकडीत येतो आणि दरवर्षी थोडाथोडा वर उचलला जातो. खांब ठोकून बसवलेले सगळ्यात बरे. ठोकणारं यंत्र मिळालं नाही तर खड्ड्यात थर-थर माती धुमसून. आणि खांब-तार पहिल्याच वर्षी उभी करा. नाहीतर दुसऱ्या वर्षी मुळांत खड्डे खणत बसावं लागतं.

हिमवेल
पहिली तीन वर्षं.

लागवड मेच्या सुरुवातीपासून अखेरपर्यंत. रोपं उघड्या मुळांची, झोपलेली येतात. लावण्याआधी ४-६ तास पाण्यात ठेवा, रात्रभराहून जास्त नको. तुटकी मुळं काढा, बाकी खड्ड्यात पसरवा, दुमडू नका. वर दोनच डोळे ठेवून छाटा. ही छाटणी करताना हात थरथरतो, पण करा. पावसाने आठवड्याला इंचभर पाणी दिलं नाही तर वेलीला ५-८ लिटर. खोडाभोवती तीन-चार फुटांचा पट्टा तणमुक्त.

पहिल्या वर्षी येणारा प्रत्येक घड खुडा, दुसऱ्या वर्षीही. दुसऱ्या वसंतात काडी पेन्सिलीइतकी जाड नसेल तर पुन्हा दोन डोळ्यांवर आणा. जाड असेल तर तारेकडे न्या. खोडं दोन ठेवा. थंडीने खोड फुटलं की जखमेतून जिवाणू वाढून गाठी येतात आणि ते खोड कापावं लागतं. दुसरं असेल तर पीक हातचं जात नाही. तिसऱ्या वर्षी ओलांडा पुरा करा आणि तिसरा हिस्सा माल ठेवा, चौथ्या वर्षी पूर्ण. ऑगस्टच्या मध्यापासून पाणी तोडा म्हणजे काडी हिरवी न राहता तपकिरी होईल.

शिवार_वेस्ट
रोपांभोवतीच्या प्लॅस्टिक नळ्यांबद्दल एक भर. तण मारताना आणि सशांपासून त्या चांगल्या, पण ऑगस्टअखेर काढाच. आत ऊब राहते, खोड थंडीला तयार होत नाही. हरणांसाठी मात्र आठ फुटी कुंपण. त्याला पर्याय नाही.

अनघा_रॉचेस्टर
तारकाम, मार्केटला एकच वरची तार का? तिची फूट सरळ वर जाते, खाली लोंबत नाही. तीन फुटांवर ओलांडा आणि वर तारांच्या जोड्या घेतल्या तर घडाला ऊन जास्त लागतं.

तारकाम
मुद्दा बरोबर, शेंडे तारांत अडकवायला दर दहा दिवसांनी वेळ असेल तर तेच करा. वरच्या तारेवरही जमतं, पण फुलोऱ्यानंतर दोन-तीनदा फूट हाताने खाली ओढावी लागते. वरच्या तारेचा फायदा असा की ओलांडा जितका उंच तितकं जमिनीलगतचं दहिवर त्याला कमी बाधतं. लवकर फुटणाऱ्या मार्केटसाठी हा मुद्दा सोडून देता येत नाही.

नाशिककर_विस्कॉन्सिन
रोगांचं थोडक्यात. भुरी, डाऊनी, करपा सगळे ओळखीचे, भर ब्लॅक रॉटची (मणी काळे करून सुकवणारी बुरशी). करप्यासाठी डोळे फुगण्याआधी लाइम सल्फर. फुलोऱ्याच्या जरा आधीपासून मणी धरल्यानंतर तीन-चार आठवडे, एवढाच काळ खरा महत्त्वाचा. तिथे एक फवारणी चुकली की ऑगस्टात घड काळे. मॅन्कोझेब या बुरशीनाशकाची शेवटची फवारणी आणि तोडणी यांत ६६ दिवस ठेवावे लागतात, तेव्हा सप्टेंबरच्या तोडणीसाठी जूनअखेर ते बंद. वेलीवर सुकून राहिलेले काळे मणी हिवाळ्यात वेचून बागेबाहेर टाका. पुढच्या वर्षीचा रोग त्यातूनच येतो.
जपानी भुंगे जूनअखेरपासून. पहाटे थंडीने सुस्त असतात, साबणाच्या पाण्यात झटका. गंधाचे सापळे लावू नका, आजूबाजूचेही भुंगे बोलावून आणतात. मोठ्या वेलीने पाचवा हिस्सा पानं गमावली तरी फरक पडत नाही. लहान वेलींना मात्र जपा.

अनघा_रॉचेस्टर
छाटणीआधी डोळे तपासायची सवय लावून घ्या. मार्चमध्ये जातवार १०० डोळे असलेल्या काड्या आणा, दोन दिवस घरात ठेवा, मग ब्लेडने डोळा आडवा चिरा. आत तीन कोंब दिसतात. मधला मुख्य हिरवा असेल तर जिवंत, तपकिरी असेल तर मेला. १५ टक्क्यांपर्यंत मेले असतील तर नेहमीसारखी छाटणी. त्याहून जास्त असेल तर त्या प्रमाणात डोळे वाढवून ठेवा. निम्म्याहून जास्त मेले असतील तर छाटणी जवळपास नकोच, फूट आल्यावर निवडा.
मार्केटची छाटणी सगळ्यात शेवटी, आणि तीही दोन टप्प्यांत. आधी काड्या लांब ठेवा, टोकाचे डोळे आधी फुटतात आणि बुडाचे आठवडाभर मागे राहतात. दहिवराची भीती टळली की दोन-तीन डोळ्यांवर आणा.

मेघदूत_एमएन
शेवटचा प्रश्न. पुढच्या मेसाठी रोपं कधी मागवू? आणि आत्ता सप्टेंबर आहे, काही करता येईल का?

हिमवेल
रोपं याच महिन्यात नोंदवा. इटास्का आणि पेटिट पर्ल हिवाळ्यात संपतात. शंभराला पाच-सात जास्त घ्या, काही रुजत नाहीत. विषाणू तपासलेली रोपं मागा. इटास्काच्या काड्या कुणाकडून आणून लावू नका, तिला पेटंट आहे. आत्ता निचऱ्याचा खड्डा खणा, ओळी आखा, ओळीखालचं गवत मारा. टोकाचे खांब जमीन गोठायच्या आत, म्हणजे नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत बसवून टाका. आणि त्या स्प्रूसमधली वाट हिवाळ्यात कापा, तेव्हा माणसं रिकामी असतात आणि दरही कमी घेतात.