चुलत बहीण आणि तिचा अमेरिकन नवरा रग्बीपायी फ्रान्सला चाललेत, तिकडे राहिलेल्यांनी जरा सांगा

गोदाकाठची_लेक:

नमस्कार मंडळी. माझे काका खूप वर्षांपूर्वी नाशिक सोडून न्यू जर्सीला गेले, त्यांची धाकटी मुलगी तिकडेच जन्मली वाढली, मराठी सगळं समजतं पण बोलताना अडखळते. नवरा पण अमेरिकन आणि तो रग्बी खेळतो, छंद म्हणून नाही, पोटापाण्यासाठी. आतापर्यंत अमेरिकेतल्या लीगमध्ये होता, ती लीग २०१८ ला सुरू झाली, त्यातल्या काही टीम मध्येच बंद पडल्या आणि पगार असा की याला बाजूला दुसरी नोकरी करावीच लागायची. आता फ्रान्सच्या दुसऱ्या डिव्हिजनमधल्या म्हणजे प्रो डी दोमधल्या एका क्लबने दोन वर्षांचं काँट्रॅक्ट दिलंय, गाव दक्षिणेला, समुद्रापासून जवळ. जुलैच्या सुरुवातीला टीमची प्रॅक्टिस सुरू होते म्हणून त्याआधी दोघं आजीला भेटायला तीन आठवडे नाशिकला आलेत, व्हिसा तिकडूनच करून आलेत, इथून थेट फ्रान्स.

मुलगा फार गुणी आहे हो. पहाटे साडेपाचला कृषीनगर जॉगिंग ट्रॅकला जातो, येताना दूध घेऊन येतो. पहिल्या दिवशी आजीने त्याचा डावा कान पाहिला, सुजून घट्ट झालेला, कानाच्या आतल्या घड्या दिसतच नाहीत. स्क्रममध्ये, म्हणजे दोन्ही टीमचे खेळाडू एकमेकांना भिडून रेटतात तेव्हा, डोकं खुपसून ढकलताना कान घासतो, आत रक्त साठतं आणि मग तसंच कडक होऊन बसतं असं त्याने सांगितलं, मी मराठीत सांगितलं, तर आजी काही बोलली नाही, उठली, खोबरेल कोमट केलं आणि जावईबापूंना खाली पाटावर बसवून कानाला चोळायला लागली. एवढा धिप्पाड माणूस डोळे मिटून बसून राहिला. आजीला आता झोप लागत नाही, रोज मला विचारते तिकडे याला कोण बघणार.

पण मला काळजी त्याची नाही, बहिणीची वाटते. परवा गच्चीवर पाऊस बघत बसलो होतो तेव्हा म्हणाली की त्याला पहिल्या दिवसापासून चाळीस जण सोबतीला असतील, वेळापत्रक असेल, डॉक्टर असेल, भाषेला माणूस असेल, आणि मी सकाळी दार लावून घेतल्यावर काय करू. ती लहान मुलांची फिजिओ आहे, चांगली नोकरी सोडून चालली आहे, फ्रेंच शून्य. तिच्यासमोर मी धीर दिला पण मलाच काही माहिती नाही तर सांगणार काय. कोणी तिकडे राहिलं असेल तर रोजचं आयुष्य कसं असतं, तिला काम करता येईल का, लोक कसे आहेत, अगदी बारीकसारीक पण चालेल, लिहा प्लीज.

द्राक्षवाला_दिंडोरी:

ताई मी लिहू शकतो, वाईन बनवायचं शिकायला दक्षिण फ्रान्समधल्या बेझिए गावाजवळच्या एका वाईनरीत दोन सीझन काढलेत. पहिल्या दिवशी बसमधून उतरलो तर दिंडोरी वणी रस्त्याला उतरल्यासारखं वाटलं, दोन्ही बाजूला द्राक्षाच्या रांगा, तसंच कोरडं ऊन, फक्त सप्तशृंगीचा डोंगर नाही. आपल्याकडे वेल झोपत नाही म्हणून एप्रिलला खरड छाटणी आणि पुढे ऑक्टोबरला गोडी छाटणी अशा दोन कराव्या लागतात, त्यांची हिवाळ्यात एकच, आणि आपला माल जानेवारी ते मार्चला येतो तर त्यांची काढणी ऑगस्ट सप्टेंबरला. नेमका तोच रग्बीचा सीझन सुरू व्हायचा काळ. त्यामुळे गावात त्या दिवसांत दोनच विषय, द्राक्षं आणि यंदाची टीम.

त्या भागात फुटबॉलपेक्षा रग्बी मोठी हे आधी डोक्यात घ्या. बेझिएचा क्लब १९६१ ते १९८४ या काळात ११ वेळा फ्रान्सचा चॅम्पियन झाला, नंतर खाली गेला, पण कॅफेत बसलेले म्हातारे ती फायनल कालच झाल्यासारखी सांगतात. म्हणजे तुमचे जावई तिथे नुसते नोकरदार नसणार, पाववालीपासून पोस्टमनपर्यंत सगळे ओळखणार. मी राहायचो तिथे बेकरीत एक बाई होती, टीममधला एक सामोआचा खेळाडू लंगडत आला की पाव द्यायच्या आधी गुडघा कसा आहे विचारायची आणि त्याच्या बायकोला बाळासाठी एक छोटा ब्रेड वेगळा बांधून द्यायची. हे प्रेम खरं असतं. पण टीम सलग हरली की तेच लोक गप्प होतात आणि ती शांतता घरच्या माणसाला जास्त लागते, हे बहिणीला आधीच सांगून ठेवा.

प्रो डी दोच्या मॅचेस बहुतेक शुक्रवारी रात्री असतात. मॅच संपली की जे सुरू होतं त्याला ते तिसरा हाफ म्हणतात, दोन्ही टीम, घरचे, क्लबची फुकट कामं करणारी गावची माणसं सगळे एकत्र खातात पितात. बहिणीने पहिल्या दिवसापासून तिथे जायचंच, भाषा येत नाही म्हणून घरी बसायचं नाही. बाहेरच्या मॅचला मात्र टीम बसने कुठल्या कुठे जाते, त्या रात्री ती एकटी असणार.

आता मुख्य सांगतो. बुधवारी दुपारी तिकडे प्राथमिक शाळेला सुट्टी असते आणि तेव्हा पोरांची रग्बी शाळा भरते, क्लबचीच असते, पाच सहा वर्षांपासूनची पोरं. तुमची बहीण लहान मुलांची फिजिओ आहे ना, मग तिने तिथे मदतीला उभं राहायचं, बुटाच्या नाड्या बांधायच्या, पाणी द्यायचं. मला फ्रेंच क्लासने नाही शिकवलं, वाईनरीच्या मालकाच्या सात वर्षांच्या पोरीने शिकवलं, कारण लहान पोरं आपलं चुकलं की लाज न ठेवता दुरुस्त करतात आणि तेच वाक्य दहादा म्हणून घेतात. दुसरं, सप्टेंबरच्या सुरुवातीला गावोगावी सगळ्या संस्थांचा एक मेळावा असतो, गाण्याच्या, चालायला जाणाऱ्यांच्या, परदेशी लोकांना फ्रेंच शिकवणाऱ्या, सगळ्यांची टेबलं एकाच मैदानात. तो दिवस चुकवला तर वर्षभर शोधत बसावं लागतं.

आणि दुकानात शिरल्या शिरल्या आधी बाँजूर म्हणायचं, मग काय हवं ते. अमेरिकेतली सवय असते सरळ विचारायची, तिथे ते उद्धट वाटतं. दुपारी बारा ते दोन बरीच दुकानं बंद, रविवारी तर जवळपास सगळंच.

मूळ_सिडकोकर:

मी सिडकोतली, आता इंग्लंडमध्ये बाथला असते. आमचं गावही रग्बीवेडं, स्टेडियम अगदी नदीला लागून. इथे पूर्वी डॅन लाईल नावाचा अमेरिकन खेळाडू होता, १९९८ ला बाथने युरोपियन कप जिंकला त्या टीममधला. म्हणजे अमेरिकन मुलं युरोपात येऊन जम बसवतात हे काही नवीन नाही.

मला एक वेगळी गोष्ट सांगायची आहे आणि ती घाबरवायला नाही. आमच्या शेजारी एक न्यूझीलंडचं जोडपं राहायचं, तो एका क्लबला खेळायचा. जानेवारीत त्याचा गुडघा फाटला, काँट्रॅक्ट जूनला संपत होतं, क्लबने पुढचं काही बोलायचं महिनोन् महिने टाळलं. ती बिचारी दोन मुलांना घेऊन कुठल्या शाळेत नाव घालायचं, घर सोडायचं की नाही काहीच ठरवू शकत नव्हती, स्वयंपाकघरात खोकी अर्धी भरलेली आणि अर्धी रिकामी अशी मी स्वतः बघितलीत. घर क्लबच्या नावावर, गाडी क्लबची, व्हिसा क्लबवर अवलंबून. म्हणून माझं कळकळीचं सांगणं आहे की काँट्रॅक्ट बहिणीने स्वतः बसून वाचावं, फक्त नवऱ्याने आणि एजंटने नाही. खेळताना दुखापत झाली तर पगार किती दिवस चालू राहतो, घर कोणाच्या नावावर, काँट्रॅक्ट वाढवायचं की नाही हे क्लबने कधीपर्यंत सांगायचं, परतीचं तिकीट कोण देणार. आणि तिच्या परवान्यावर तिला काम करता येतं का हे तर क्लबकडून लेखीच घ्या, कारण खेळाडूला कुठल्या प्रकारचा परवाना मिळालाय त्यावर बायकोचा ठरतो.

क्लब बुडतात पण. इकडे २०२२ ला वूस्टर आणि वॉस्प्स हे दोन वरच्या लीगमधले क्लब पैशाअभावी कोसळले, खेळाडू आणि त्यांची कुटुंबं सीझनच्या मध्यात रस्त्यावर, २०२३ ला लंडन आयरिश पण गेला. फ्रान्समध्ये त्या मानाने बरं आहे, क्लबांचे हिशेब दरवर्षी तपासतात आणि पैसे नसतील तर खालच्या डिव्हिजनमध्ये ढकलतात. तरी सहा महिन्यांचा खर्च बहिणीच्या स्वतःच्या खात्यात असू दे.

फिजिओचं म्हणाल तर लगेच काम मिळेल असं धरू नका. फ्रान्समध्ये फिजिओला किने म्हणतात आणि तो परवान्याचा धंदा आहे, परदेशी डिग्रीची तपासणी होते, फ्रेंच लागतंच. कागद आत्ताच गोळा करायला घ्या, कॉलेजचा अभ्यासक्रम, इंटर्नशिपचे तास, सगळ्यावर सही शिक्का. तिकडे पोचल्यावर अमेरिकेतल्या कॉलेजच्या मागे लागणं म्हणजे फार त्रास.

आकडेमोड:

वरच्यांनी छान लिहिलंय, मी फक्त कोरडं लिहितो. अमेरिकन नागरिक जगात कुठेही राहिला तरी अमेरिकेत रिटर्न भरावंच लागतं, दोघांनाही. परदेशातल्या बँक खात्यांची बेरीज वर्षात कधीही १०,००० डॉलरच्या वर गेली की त्याचा वेगळा फॉर्म, तो लोक विसरतात आणि दंड जबर असतो. दुसरं ड्रायव्हिंग लायसन्स, अमेरिकेच्या काही राज्यांचंच लायसन्स फ्रान्समध्ये बदलून मिळतं आणि ते पहिल्या वर्षात करावं लागतं, त्यांचं राज्य यादीत नसेल तर परत लेखी आणि रस्त्यावरची परीक्षा, ती पण फ्रेंचमधून. छोट्या गावात गाडीशिवाय ती घरात अडकेल त्यामुळे हे आधी बघा. तिसरं, लाँग स्टे व्हिसावर गेले असतील तर पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत तो ऑनलाइन व्हॅलिडेट करावा लागतो. आरोग्य विम्याचं कार्ड हातात यायला पण वेळ लागतो, तोवर डॉक्टरच्या आणि औषधांच्या सगळ्या पावत्या जपून ठेवायच्या.

कॉलेजरोड_काका:

आजींना माझा नमस्कार सांगा. अमेरिकन आणि रग्बी म्हटलं की लोकांना नवल वाटतं, पण ऑलिम्पिकमध्ये रग्बीचं सोनं अमेरिकेने दोनदा जिंकलंय, १९२० ला अँटवर्पला आणि १९२४ ला पॅरिसला, दोन्ही वेळा फ्रान्सलाच हरवून. १९२४ ची फायनल १७-३, प्रेक्षक इतके चिडले की मैदानात बाटल्या आल्या. त्यानंतर ऑलिम्पिकमधून रग्बी जी गेली ती २०१६ ला सात जणांच्या खेळात परत आली. पोराने त्या देशात जाऊन खेळायचं म्हणजे मला तर ऊर भरून आला वाचून. आणि त्याची राष्ट्रीय टीम २०२३ च्या वर्ल्डकपला पोचली नव्हती, पोर्तुगालशी शेवटच्या क्षणी १६-१६ बरोबरी झाली आणि गेलं. २०२७ च्या ऑस्ट्रेलियातल्या वर्ल्डकपला मात्र पोचलीये, आणि २०३१ चा तर त्यांच्या घरीच आहे. मनात तेच असणार त्याच्या.

गोदाकाठची_लेक:

काका अगदी बरोबर ओळखलंत, मी त्याला तुमचं वाचून दाखवलं तर २०२७ ऐकल्यावर नुसता मान हलवून गप्प झाला, मग म्हणाला आधी लीगमध्ये दर आठवड्याला टीममध्ये जागा तर मिळू दे. तिकडे फ्रान्समध्येच तयार झालेले खेळाडू टीममध्ये ठरावीक संख्येने ठेवावे लागतात म्हणे, जिफ म्हणतात त्यांना, त्यामुळे बाहेरच्याला जागा थोड्या आणि त्यासाठी मारामारी. हे त्याने मला आज पहिल्यांदा सांगितलं, बायकोला पण बहुतेक आजच कळलं, ती त्याच्याकडे बघत राहिली.

सिडकोकर ताई, तुमचं वाचून आम्ही काल रात्री काँट्रॅक्ट काढून तिघं बसलो. घर क्लबच्याच नावावर आहे. परतीच्या तिकिटाचं काही लिहिलेलंच नाही, त्याने लगेच एजंटला मेल टाकलाय. तिच्या कामाचं पण त्यातच लेखी विचारलंय. मला वाटलं होतं त्याला राग येईल की ही कोण मध्ये पडणारी, पण तोच म्हणाला की हे मला कधी सुचलंच नाही, मी फक्त पगार आणि तारखा बघितल्या.

दिंडोरीवाले दादा, बुधवारच्या रग्बी शाळेचं ऐकून ती पहिल्यांदा हसली हो. आज दुपारी माझ्या मुलाला आणि वाड्यातल्या चार पोरांना घेऊन गोल्फ क्लबच्या मैदानावर गेली, नवऱ्याने बॉल मागे कसा टाकायचा ते दाखवलं, पुढे टाकायचा नाही म्हटल्यावर पोरं फार गोंधळली, आणि ही मोडक्या मराठीत ओरडत होती, मागे मागे, पुढे नको. चिखलाने भरून आले सगळे. आजीने अंगणातच बादल्या काढून ठेवल्या होत्या.

एक शेवटचं विचारते, आजी घरचं लोणकढं तूप आणि पेढे द्यायच्या तयारीत आहे. नेता येईल ना?

द्राक्षवाला_दिंडोरी:

नाही ताई, बाहेरच्या देशातून दुधाचं आणि मांसाचं काहीच युरोपात नेऊ देत नाहीत, विमानतळावर काढून टाकतील आणि आजींना वाईट वाटेल. लोणी तिकडे एक नंबर मिळतं, तूप घरीच कढवता येतं, आजींकडून आत्ताच शिकून घेऊ दे. काळा मसाला आणि मेतकूट सीलबंद करून द्या. कुकर देणार असाल तर ॲल्युमिनियमचा नको, तिकडे बऱ्याच घरात इंडक्शनची शेगडी असते, त्यावर तो तापतच नाही. बुडाला लोहचुंबक चिकटतं का ते बघून स्टीलचा घ्या.

गोदाकाठची_लेक:

बरं झालं विचारलं. उद्या सकाळी आजीला घेऊन भांडी बाजारात जातो आम्ही, फ्रिजवरचा चुंबक पर्समध्ये टाकून ठेवलाय. आणि तूप कढवायला बहिणीला नाही, जावईबापूंनाच बसवणार म्हणते आजी, घरी आधी कोण पोचेल त्याने स्वयंपाक करायचा असं तिने दोघांना सांगून टाकलंय.