बाईचं नाव कागदावर आलं, मग पुढे काय झालं? अनुभव लिहा

मराठवाड्याच्या मागासलेपणावर बोलणं निघालं की गाडी पाणी, रस्ते, उद्योग यांवरच फिरते. बायकांचा विषय आला तर बचत गटांचे आकडे वाचून दाखवतात. इथे आकडे नकोत. सातबारा, पासबुक, सरपंचपदाची पाटी, मजुरीचा हिशेब, यांत कुठे बाईचं नाव लागलं असेल किंवा लागता लागता राहिलं असेल, तर घरात आणि गावात त्याने काय हललं ते लिहा. गावाचं नाव नाही दिलं तरी चालेल. पुरुषांनीही लिहा.

फडातली पोर
आईवडील बीड जिल्ह्यातून दरवर्षी दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीला जायचे. मुकादमाच्या वहीत नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल, म्हणजे हंगामाआधी मिळणारी आगाऊ रक्कम, त्या एका कोयत्याची, तीही वडिलांच्या हातात. आई अंधारात उठून भाकरी थापायची, फडात मोळ्या बांधायची, डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकवर चढायची. वहीत तिचं नाव शोधून सापडलं नसतं. वडील आजारी पडले तेव्हा मुकादम म्हणाला, "आता अर्धाच कोयता राहिला." म्हणजे आई!
आता ग्रामपंचायतीतून ऊसतोड कामगाराचं ओळखपत्र मिळालंय, त्यावर तिचं स्वतंत्र नाव आणि फोटो आहे. धाकटीला वसतिगृहात घालताना तिनेच ते पुढे केलं. उचल अजून जोडीचीच आहे. याला सक्षमीकरण म्हणणाऱ्यांनी एक हंगाम फडात काढावा.

पशुसखी, धाराशिव
सरकारच्या 'उमेद' अभियानातून गावातल्या शेळ्यांवर प्राथमिक उपचार करायचं प्रशिक्षण घेतलं. जंताचं औषध पाजायचं, खुरं कापायची, पीपीआर या शेळ्यांच्या साथीच्या रोगावरच्या लसीची वेळ चुकू द्यायची नाही. "बाई सुई टोचणार का?" म्हणून पारावर हसले. त्यांच्याच घरची करडं पावसाळ्यात हगवणीने मरायला लागली तेव्हा रात्री बोलवायला आले.
पण मला सांगायचंय ते काट्याचं. उस्मानाबादी शेळी जुळी देते, राबायचं बायकांनी, आणि बोकड बाजारात न्यायचा नवऱ्याने. तिथे दलाल रुमालाखाली बोटं धरून भाव करणार. घरी किती पैसे आले ते नवरा सांगेल तेच खरं. आमच्या गटाने टांगता काटा घेतला. बोकडाला झोळीत घालायचं, आकडा सगळ्यांसमोर वाचायचा, भाव किलोवर. पहिल्या वेळी दलाल तोंड वाकडं करून निघून गेला, दुसऱ्या आठवड्यात परत आला. बोकड तर त्याला हवाच होता. आता आमच्याकडे बोकड दारातून विकला जातो आणि पैसे मोजून घेते ती बाईच. नवरे थोडे दिवस रुसले. माझा अजून अधूनमधून रुसतो.

माजी सरपंचबाई
महाराष्ट्रात २०११ पासून पंचायतींत बायकांना निम्म्या जागा आहेत. आमच्या गावात आरक्षण निघालं आणि मला उभं केलं. खुर्चीवर मालक बसायचे, मी घरी. चेकबुक घरी यायचं, मी सही करायची, चेकबुक परत जायचं. एकदा पाइपलाइनच्या शेवटच्या बिलावर सही मागितली. नळाला तर माझ्याच वस्तीत पाणी नव्हतं! सही केली नाही. घरात दोन दिवस अबोला. मग ग्रामसभेआधी महिला सभा घ्यायचा नियम आहे हे कळलं, ती चावडीवर न घेता हापशापाशी घेतली. तिथे बायका बोलल्या. पाणी आलं, उशिरा आलं. पुढच्या वेळी जागा खुली झाली तर मला कोणी विचारलंसुद्धा नाही.

तिघींतली धाकटी
वडिलोपार्जित जमिनीत मुलींचा हक्क महाराष्ट्रात १९९४ला आला, देशभर २००५ला. आमच्याकडे मात्र वडील गेल्यावर हक्कसोडपत्र आणि साडी-चोळी एकाच दिवशी आली. दोघी बहिणींनी सही केली. मी नाही केली. भाऊबीज बंद झाली. माझ्या वाट्याच्या तुकड्यावर आता विहीर आहे, भाचा तिथूनच पाणी नेतो, मी नेऊ देते. भाऊ बोलत नाही.

नाव नको
सगळ्यांचं वाचलं. बाईचं नाव हमखास लागतं अशी एक जागा राहिली. कर्जाचा हप्ता. खाजगी कंपनीचं गटाच्या हमीवरचं कर्ज माझ्या नावावर, गाडी नवऱ्याच्या बुडाखाली. हप्ता चुकला की वसुलीवाला माझ्या ओट्यावर येऊन बसतो आणि गटातल्या चार जणी त्याच्याबरोबर. ज्या बायकांच्या हातात कमाईच नाही, त्यांना कर्ज देऊन काय साधतं?

निवृत्त तलाठी
शेतकरी संघटनेने १९८९च्या सुमारास लक्ष्मीमुक्तीची हाक दिली, तेव्हा बऱ्याच शेतकऱ्यांनी आपणहून जमीन बायकोच्या नावावर केली. १९९२ साली सरकारनेही तसं परिपत्रक काढलं. अजूनही अर्ज करता येतो, पण तो नवऱ्याने स्वतः करायचा असतो, मेख तिथेच आहे. माझ्याकडे जे आले त्यांतले बरेच जण कर्जमाफीच्या किंवा अनुदानाच्या आशेने आले. चालतं. फेरफार, म्हणजे नाव बदलल्याची नोंद, मंजूर झाला की हेतू कोणी वाचत नाही. नवीन सातबारा हातात पडला की मात्र बायकोच्या नावाचं स्पेलिंग तिच्या आधारकार्डाशी जुळतं का ते लगेच बघा. एका अक्षरासाठी पीकविमा अडकलेला मी पाहिलाय.