कंदील विझला नाही म्हणजे हवा चांगली, असे नव्हे

सांडपाण्याच्या खड्ड्यात आधी कंदील सोडावा आणि तो विझला नाही तर माणूस उतरवायला हरकत नाही, हा सल्ला धोक्याचा आहे. ज्योत फार तर प्राणवायूची कमतरता दाखवते. हायड्रोजन सल्फाइड हा सडक्या अंड्यासारख्या वासाचा विषारी वायू ती दाखवत नाही, आणि मिथेन हा पेट घेणारा वायू साचला असेल तर तीच भडका उडवते. वासावरही भिस्त ठेवू नये, कारण प्रमाण वाढताच हायड्रोजन सल्फाइड नाकाची जाणीवच बधिर करतो.

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका सरकीच्या तेलगिरणीत सांडपाण्याच्या टाक्यात उतरलेला गडी निपचित पडला, तेव्हा त्याच्यामागे उतरू पाहणाऱ्या दुसऱ्याला मुकादमाने बंडी धरून मागे ओढले, हे मी स्वतः पाहिले आहे. दोर तिथे होता, पण बादलीला बांधलेला! नोव्हेंबर २०२५ पर्यंत लागू असलेल्या कारखाने अधिनियम, १९४८ च्या कलम ३६ ने घातलेली अट नेमकी याविषयीच होती: वायू काढून टाकण्याचे शक्य ते सर्व उपाय केल्यावर सक्षम व्यक्तीने स्वतः चाचणी घेऊन लेखी दाखला द्यावा, नाहीतर उतरणाऱ्याला श्वसनयंत्र आणि कमरपट्टा असावा व पट्ट्याच्या दोराचे टोक बाहेरच्या माणसाच्या हातात असावे. मालकाने त्या दिवशी टाके उपसण्याच्या पंपाचे भाडे मात्र वाचवले होते.