साहेबाने मैदानात असावं की कंट्रोल रूममध्ये?

कुलाबाकर
काल घरी जेवताना वाद झाला, तोच इथे आणतोय. २६/११ची हाताळणी तपासायला राज्य सरकारने राम प्रधान आणि व्ही. बालचंद्रन यांची समिती नेमली होती. समितीने अनेक पोलिसांच्या धाडसाचं कौतुक केलं, पण तेव्हाचे मुंबईचे पोलीस आयुक्त हसन गफूर यांचं नेतृत्व त्या रात्री दिसलं नाही, असा ठपका ठेवला. गफूर बराच वेळ ट्रायडंट हॉटेलच्या परिसरात होते. कंट्रोल रूम सांभाळत होते गुन्हे शाखेचे सहआयुक्त राकेश मारिया. ठरलेल्या कार्यपद्धतीप्रमाणे ती खुर्ची कायदा-सुव्यवस्थेच्या सहआयुक्तांची होती.

माझं म्हणणं असं की आयुक्ताने घटनास्थळी जाणंच चूक. लिओपोल्ड, सीएसटी, कामा, ताज, ट्रायडंट-ओबेरॉय, नरिमन हाउस. एका जागी उभा राहिलेला माणूस बाकीच्या पाच जागांसाठी नसल्यातच जमा.

निवृत्त खाकी
एसीत बसून आदेश देणारे साहेब आम्ही नोकरीत पुष्कळ पाहिले. आपल्या खात्यात साहेब पुढे सरकला की पोरं सरकतात, हे कुठल्याही एसओपीत लिहिलेलं नसतं. सदानंद दाते मूठभर माणसं घेऊन कामा हॉस्पिटलात शिरले. समोर एके-४७ आणि हातबॉम्ब. पीएसआय प्रकाश मोरे तिथेच पडले, दाते स्वतः जखमी झाले, तरी जागा सोडली नाही. ते वायरलेसवर सूचना देत बसले असते तर वॉर्डांतल्या बायाबापड्यांचं काय झालं असतं?

कुलाबाकर
दाते तेव्हा अपर आयुक्त होते. त्यांनी जायलाच हवं होतं, त्याबद्दल वाद नाही. मी अख्ख्या शहराच्या प्रमुखाबद्दल बोलतोय. आणि बोचणारं बोलायचंच तर एटीएसचे म्हणजे दहशतवादविरोधी पथकाचे प्रमुख करकरे, पूर्व विभागाचे अपर आयुक्त कामटे आणि खंडणीविरोधी पथकाचे साळसकर, तिघे एकाच क्वालिसमध्ये होते. रंगभवनच्या गल्लीत एका हल्ल्यात तिघेही गेले. त्यांच्या शौर्याबद्दल ब्र काढणार नाही. पण तीन वरिष्ठ एका गाडीत बसू नयेत, हे सांगणारं त्या क्षणी कोणी होतं का?

निवृत्त खाकी
त्या गाडीबद्दल जरा जपून. दाते जखमी झाल्याचं कळलं म्हणून ते तिघे निघाले होते. आणि कंट्रोल रूमचे गोडवे गाताना हेही आठवा : कुठला संदेश किती वाजता गेला, हे कळायला कामटेंच्या पत्नीला माहितीच्या अधिकारात वायरलेसच्या नोंदी मागवाव्या लागल्या. खुर्चीवर माणूस बसवला म्हणजे त्याला सगळं दिसतं, असं नाही.

नोंदवही
मी एका महापालिकेच्या आपत्कालीन कक्षात होते. एका पावसाळ्यात आमचे साहेब पुलावर गेले. फोटोसाठी नाही, खरंच काळजीपोटी. पुढचे दोन तास बोटी कुठे पाठवायच्या हे ठरवायला कोणी नाही, कारण प्रत्येकाचं एकच पालुपद, ‘साहेबांना विचारून सांगतो’. आणि पुलावर साहेबांचा फोन लागत नव्हता.

कंट्रोल रूम काय करू शकते ते गिरगाव चौपाटीवर दिसलं. दहशतवाद्यांनी पळवलेल्या स्कोडाची खबर वायरलेसवर फिरली, डी. बी. मार्ग पोलिसांची नाकाबंदी सावध होती, म्हणून गाडी अडली. पुढे त्याच नाकाबंदीवरच्या तुकाराम ओंबळ्यांनी कसाबची बंदूक दोन्ही हातांनी धरून ठेवली, ती हिंमत मात्र कुठल्या कक्षातून पाठवता येत नाही. मला विचाराल तर दोघंही अर्धे बरोबर.

कुलाबाकर
अर्धे बरोबर वगैरे नको, बाजू घ्या :) सीएसटीचे निवेदक विष्णू झेंडे घ्या. केबिनमधून त्यांना फलाट दिसत होते. जागा न सोडता ते माइकवरून प्रवाशांना मागच्या वाटेने बाहेर काढत राहिले. खाली धावले असते तर आणखी एक माणूस गर्दीत, एवढंच. जिथून दिसतं तिथे बसायचं, मी दुसरं काही म्हणतच नाहीये.

चहाटळ
तुम्ही सगळे रात्री साडेनऊनंतरचं बोलताय. त्याआधीचं कोण बोलणार? समुद्रमार्गे हल्ला होईल, ताज लक्ष्य आहे, असे इशारे आलेले होते. सप्टेंबर २००८मध्ये इस्लामाबादचं मॅरियट हॉटेल बॉम्बने उडवलं गेलं. ताजने सुरक्षा वाढवली आणि हल्ल्यापूर्वी ती सैलही झाली. रतन टाटा स्वतः हे जाहीरपणे बोलले आहेत. खुर्चीत कोणीही बसवा, धोका किती मोठा आहे हे आधीच ठरलेलं नसेल तर तो फक्त फोन उचलणार.

निवृत्त खाकी
‘दक्ष राहा’ लिहिलेले कागद किती यायचे माहीत आहे का? आज गणपती, उद्या सभा, परवा मोर्चा. त्याच माणसांतून बंदोबस्त काढायचा. एका हॉटेलापुढे किती महिने पोरं उभी ठेवणार?

चहाटळ
उभी ठेवू नका ना! पण काढताना कोणीतरी सही करा की मी धोका तपासला, तो अमुक कारणाने कमी झाला, म्हणून बंदोबस्त काढतोय. इशारा आला की पत्र निघतं. इशारा शिळा झाला हे मात्र कोणीच ठरवत नाही, बंदोबस्त आपोआप विरघळतो. हल्ल्यानंतर केंद्रात गुप्तवार्ता एकत्र करणाऱ्या मल्टी एजन्सी सेंटरला बळ दिलं, एनआयए ही राष्ट्रीय तपास यंत्रणा आली, म्हणजे माहिती एकत्र येऊ लागली. पण पोलीस ठाण्यात पोचणाऱ्या कागदावर मुदत आणि जबाबदार माणूस असतो का, हे इथले खात्यातले लोक सांगतील.

नोंदवही
आणि एनएसजी, म्हणजे राष्ट्रीय सुरक्षा रक्षक दल? त्यांचे मानेसरचे कमांडो दिल्लीहून निघायचे तर विमान चंदीगडहून आणावं लागलं, कारवाई सुरू व्हायला सकाळ उजाडली. २००९मध्ये मुंबईत त्यांचा तळ झाला, हे बरंच झालं. पण कमांडो अर्ध्या तासात आले तरी त्यांना आत कोणत्या मजल्यावर कोण आहे ते सांगणारा लागतोच. त्या रात्री ती माहिती टीव्हीवर जास्त होती आणि पाकिस्तानात बसलेले सूत्रधार तीच बघून फोनवर हुकूम सोडत होते. सर्वोच्च न्यायालयाने कसाबच्या निकालात थेट प्रक्षेपणावर ताशेरे ओढले ते याच कारणाने.

निवृत्त खाकी
बरं, बसवा आयुक्ताला खुर्चीत. एक मागणी माझी : बाहेर प्रत्येक ठिकाणी एकच अधिकारी प्रमुख, नावानिशी, आणि त्याला न विचारता गोळीबाराचा अधिकार. दर मिनिटाला वर विचारत बसला तर तुमच्या नोंदवहीताईंचा पूल परत झाला.

पण दुसऱ्या दिवशी पेपरात ‘शहर जळत असताना आयुक्त एसीत’ असा मथळा येईल, तेव्हा तुम्ही इथे काय लिहिणार ते आजच सांगून ठेवा.

कुलाबाकर
आयुक्त जागेवर होते, असं लिहीन. धागा जपून ठेवा.

चहाटळ
पहिला दगड तुम्हीच माराल, कुलाबाकर. २००८मध्ये कुणाकुणाचे राजीनामे मागत होतात ते आठवतंय मला.