"येऊन राहिले" म्हटलं की मराठीपण संपतं का?

राजवाडा_इंदूर :
परवा एकाने लिहिलेलं वाचलं की ज्यांच्या तीन-तीन पिढ्या महाराष्ट्राबाहेर गेल्या त्यांनी नुसत्या आडनावावर स्वतःला मराठी म्हणवून घेऊ नये, त्यांची भाषा हिंदी, खाणं हिंदी, विचार हिंदी. दोन दिवस गप्प बसले पण डोक्यातून जाईना म्हणून लिहितेय. आमचं घराणं होळकरांच्या मागे इंदूरला गेलं असं घरात सांगतात, कागदपत्रं माझ्याकडे नाहीत. माझा जन्म तिथला, शाळा हिंदी, गल्लीत हिंदी, पण उंबऱ्याच्या आत हिंदी बोललं की आजी वाढायची थांबायची. वरणाची पळी तशीच हातात धरून उभी राहायची आणि म्हणायची, "आता मराठीत माग." भात निवत असायचा, पळीतून थेंब ताटाबाहेर पडायचे, पण ती हलायची नाही. सकाळी पोहे-जलेबी खाणारं ते घर, चैत्रात गौरीपुढे आंब्याची डाळ आणि पन्हंही त्याच घरात व्हायचं. मला हे दोन वेगळे कप्पे कधी वाटलेच नाहीत.

लग्न होऊन पुण्यात आले, पहिल्याच आठवड्यात फोनवर "मी येऊन राहिले, दहा मिनिटं" म्हटलं, तर शेजारच्या काकूंनी सासूबाईंना माझ्यासमोर विचारलं, "सून नक्की मराठीच ना?" एकोणीस वर्षं झाली. अजून ते वाक्य आठवलं की घशात अडकतं. आजीने पळी धरून जे जपलं ते एका क्रियापदावरून खोटं ठरतं का, एवढंच मला विचारायचंय.

मुठा_काठ :
ताई, काकूंचं चुकलंच, त्यात वाद नाही. पण ओळख म्हणजे आजीची आठवण नव्हे, रोजचा व्यवहार. मुक्तिबोध बंधू घ्या. आई-बाप एक, घर एक, गजानन माधव हिंदीतले मोठे कवी झाले आणि शरच्चंद्र मराठीतले. म्हणजे घरात काय बोललं जायचं त्यापेक्षा माणूस पुढे काय निवडतो ते महत्त्वाचं. तुम्ही लोकांनी काय निवडलं? वाचायला हिंदी, शाळा हिंदी, आणि सणाला पुरणपोळी केली की झालो मराठी. इकडे मुंबईत मटण-मासे खातो म्हणून मराठी माणसाला घर नाकारतात, मराठी शाळांना एकेक करून कुलपं लागतायत, तेव्हा बाहेरच्या मराठी मंडळांपैकी कितीजण बोलले? हक्क सांगायला सगळे, झळ सोसायला आम्ही, हे मला खटकतं आणि खटकत राहणार.

वऱ्हाडी_पोट्टा :
थांबा भाऊ. आधी ते "येऊन राहिले" बघू. ते काय फक्त इंदूरचं आहे? नागपूर-अमरावतीत सकाळपासून रात्रीपर्यंत "काय करून राहिला बे", "जेवून राहिलो" हेच चालतं. मग आम्हीपण बाद?

आणि महाराष्ट्राबाहेर म्हणजे कुठे? नागपूर 1956 पर्यंत मध्य प्रदेशची राजधानी होतं. माझे आजोबा तिथे सरकारी कचेरीत कारकून. 31 ऑक्टोबरला संध्याकाळी टेबल आवरून घरी आले तेव्हा मध्य प्रदेशात, 1 नोव्हेंबरला उठले तेव्हा मुंबई राज्यात, घर तेच, भाषा तीच. आदल्या दिवशीपर्यंत ते महाराष्ट्राबाहेरचे होते म्हणून मराठी नव्हते का? मराठवाडा तर निजामाच्या राज्यात, त्यांचं काय करायचं?

मुठा_काठ :
वऱ्हाडी बोलीचा मला आदरच आहे, उगाच ओढू नका. पण बोली वेगळी आणि प्रमाण भाषा वेगळी. शिकवताना, भाषण करताना, मुलाखत देताना एक रूप लागतंच. उद्या प्रत्येकजण "पानी", "कोन", "लोनी" म्हणत वर्गात उभा राहिला तर मुलांनी शिकायचं काय? हा शिस्तीचा प्रश्न आहे.

वऱ्हाडी_पोट्टा :
शिस्त? आता ऐकाच. 1998 साल. पुण्यात अधिव्याख्यात्याच्या जागेसाठी मुलाखत, कॉलेजचं नाव सांगत नाही. माझा विषय भूजल. दर वाक्यात पाणी येणारच ना! मी म्हटलं "पानी खडकाच्या भेगांतून मुरतं", समोरच्यांपैकी एकजण हसले आणि म्हणाले, "आधी पाणी म्हणा, मग पुढे बोलू." मी म्हटलं. पुढच्या वाक्यात पुन्हा न आला, पुन्हा थांबवलं. तिसऱ्यांदा बाकीचेही हसले. काळ्या दगडात पाणी कुठे साठतं हे मला पाठ होतं, त्यावर दोन वर्षं विहिरी मोजत उन्हात फिरलो होतो, पण मला फक्त माझी जीभ टाळ्याला कुठे लागते तेवढंच कळत होतं. उरलेली मुलाखत इंग्रजीत दिली. तुमच्या शिस्तीने मला मराठीतून हाकललं.

नंतर मी ण घोटून घेतला. पोरीलाही लहानपणीच शिकवला. मग एकदा माझी आई म्हणाली "बाई, पानी दे थोडं", आणि सहा वर्षांची पोरगी म्हणाली, "आजी, पाणी म्हण." आईने गिलास घेतला, काही बोलली नाही. त्यानंतर ती नातीसमोर कमी बोलायला लागली. आई 2015 साली गेली.

आणि जाता जाता, मराठीतला पहिला मोठा गद्यग्रंथ मानतात ते लीळाचरित्र तेराव्या शतकात आमच्या रिद्धपूरला लिहिलं गेलं. शुद्ध-अशुद्ध आम्हाला शिकवताना एवढं लक्षात ठेवा.

कृष्णाकाठची_सून :
यात जात आहे, ती कोणीच काढत नाहीये. मी सातारच्या खेड्यातली. आमच्या वाड्यावरचे "न्हाय" म्हणाले की पाहुणे म्हणतात काय रांगडा गोडवा, आणि आमच्या वस्तीतली बाई तेच म्हणाली की अडाणी. शब्द तोच, तोंड वेगळं. मला हॉस्टेलवर रूममेटने "आनी-पानी" म्हणून नाव पाडलं होतं, तीन वर्षं. हसणारी वाईट नव्हती, तिच्या घरात ती भाषा फक्त कामाला येणाऱ्या बायकांच्या तोंडी ऐकलेली, तेच तिच्या डोक्यात बसलेलं.

कावेरी_मराठी :
मी चेन्नईत, मूळ तंजावर. व्यंकोजी राजांच्या काळापासून आम्ही तिकडे. घरी मराठी बोलतो, ती तुम्हाला निम्मी कळणार नाही, लिहायची झाली तर तमिळ लिपीत लिहितो. हे मी सांगतोय आणि मुलगा टाइप करतोय, त्यानेच तुमच्या पद्धतीने नीट करून घेतलंय. बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर सरफोजी राजांनी 1803 मध्ये भोसल्यांचा इतिहास मराठीत कोरून घेतला. लहानपणी वडील बोट ठेवून दाखवायचे, अक्षरं वाचता येत नव्हती, तरी हे आपलं एवढं कळायचं. मुठा_काठ यांच्या व्यवहाराच्या कसोटीवर मी नापास आहे. पण मग मी कोण, तेही त्यांनीच सांगावं, कारण तमिळ शेजारी साडेतीनशे वर्षांनीही आम्हाला मराठीच म्हणतात.

मुठा_काठ :
सगळे एकदम अंगावर आलात. ठीक आहे. त्या मुलाखतीत झालं ते हलकटपणाचं होतं, तिथे मी शिस्त हा शब्द वापरायला नको होता, तो मागे घेतो. ण-न चा आग्रह बोलण्यापुरता सोडला. लिखाणात सोडणार नाही. तंजावरच्या काकांना माझ्याकडे उत्तर नाही.

शाळेचा मुद्दा मात्र जागेवरच. आठवणींवर भाषा दोन पिढ्या जगते, पुढे नाही. आणि कोणी विचारायच्या आधी मीच सांगतो, माझा मुलगा इंग्रजी माध्यमात आहे. हरिपाठ पाठ आहे त्याचा, मराठी पेपर वाचत नाही. बायकोशी यावरून भांडण झालं होतं, मी हरलो, आणि खरं सांगायचं तर फार जोर लावून भांडलोही नाही.

वऱ्हाडी_पोट्टा :
मान्य केलंत ते बरं केलंत. उशीर झाला, पण बरं.

राजवाडा_इंदूर :
माझी मुलगी पुण्यातच मराठी शाळेत आहे, सातवीत. मागच्या महिन्यात निबंधात तिने लिहिलं, "पाऊस येऊन राहिला होता." बाईंनी लाल पेनने खोडून वर "येत होता" केलं. पेपरात तसं लिहायला हवं हे मी तिला सांगितलं, मुठा_काठ, तेवढं तुमचं मला पटतं. तिने विचारलं, "मग तू का म्हणतेस?" मी तिला पळीची गोष्ट सांगितली. आता जेवायला बसली की वाटी पुढे करून मुद्दाम म्हणते, "आई, भूक लागून राहिली." मी तिला टोकत नाही.