व्हिटॅमिन डी भरून निघाल्यावर रक्तदाबाची गोळी कमी करता येते का?

गोदाकाठ:
माझी आई ६४ वर्षांची असून गेली नऊ वर्षे तिला उच्च रक्तदाब आहे. टेल्मिसार्टन आणि हायड्रोक्लोरोथायझाइड एकत्र असलेली गोळी ती रोज सकाळी घेते. जानेवारीत पाय फार दुखू लागले म्हणून रक्त तपासले, तेव्हा व्हिटॅमिन डी ११ निघाले. डॉक्टरांनी ६०,००० युनिटचे पाकीट आठवड्यातून एकदा, असे आठ आठवडे दुधातून घ्यायला सांगितले. त्या वेळी १५० च्या आसपास असणारा वरचा रक्तदाब आता एप्रिलमध्ये १३६ ते १४० दिसतो. डी कमी होते म्हणूनच दाब वाढला होता, आता गोळी अर्धी करायला हरकत नाही, असे शेजारच्या काकूंचे म्हणणे आहे आणि आईलाही ते पटले आहे. खरोखर असे होते का?

नाडीपरीक्षा:
मी बावीस वर्षे फॅमिली डॉक्टर म्हणून काम करतो. आईंची गोळी अर्धी करू नका, हे आधी सांगतो.

काकूंच्या समजुतीला आधार नाही असे नाही. डी कमी असणाऱ्यांमध्ये उच्च रक्तदाब अधिक आढळतो. ज्या उंदरांच्या शरीरात डीचा परिणाम होऊच शकत नाही, त्यांच्यात रेनिन वाढून दाब चढतो, हेही २००२ साली दिसून आले होते. रेनिन मूत्रपिंडातून स्रवते आणि दाब वाढवणारी साखळी तिथून सुरू होते. आईंचे टेल्मिसार्टन त्याच साखळीला पुढे अडवते. माणसांना प्रत्यक्ष डी देऊन पाहिल्यावर मात्र चित्र वेगळे निघाले. २०१५ मध्ये ४६ चाचण्यांचा एकत्रित आढावा घेतला गेला, त्यात वरच्या रक्तदाबातला फरक शून्य होता.

कमतरता असलेल्यांचे काय, हा तुमचा नेमका प्रश्न आहे. अमेरिकेत डेलाइट नावाच्या चाचणीत, डी २५ किंवा त्याहून कमी आणि दाब थोडा वाढलेला, अशा ५३४ जणांपैकी काहींना रोज ४०० आणि काहींना ४,००० युनिट सहा महिने देऊन चोवीस तासांचा दाब मोजला, तरी दोन्ही गटांत फरक पडला नाही. बैरूतमधील वयस्कर, स्थूल व्यक्तींच्या अभ्यासात वर्षभरात दाब थोडा उतरला खरा, पण तिथे दोन्ही गटांना डी मिळत होते आणि जास्त मात्रेचा वेगळा लाभ दिसला नाही; त्यामुळे ते श्रेय डीचेच, असे मला म्हणवत नाही.

मग आईंचा दाब का उतरला असेल? थंडीत रक्तवाहिन्या आकसतात आणि दाब चढतो, उन्हाळ्यात तो खाली येतो. नाशिककडच्या जानेवारीची एप्रिलशी तुलना करताना हे विसरता येणार नाही. पाय दुखायचे थांबल्यावर चालणे वाढले असेल, तर त्याचाही वाटा असेल. डी द्यायलाच हवे होते, पण ते हाडांसाठी आणि स्नायूंसाठी.

सांजवेळ:
एक अनुभव सांगते. माझ्या वडिलांनी बरे वाटते म्हणून हीच पाकिटे दर आठवड्याला दीड वर्ष चालू ठेवली, सोबत कॅल्शियमच्या गोळ्या आणि थायझाइड (तुमच्या आईच्या गोळीतले हायड्रोक्लोरोथायझाइड याच गटातले) असलेली रक्तदाबाची गोळी होतीच. सतत तहान, बद्धकोष्ठता आणि मळमळ सुरू झाल्यावर तपासले, तेव्हा कॅल्शियम वाढून १२.४ निघाले आणि मूत्रपिंडाचे काम कसे चालले आहे ते दाखवणारे क्रिएटिनिनही वाढलेले होते. आम्हांला कोणीही ही पाकिटे थांबवायची असतात, असे स्पष्ट सांगितले नव्हते.

नाडीपरीक्षा:
सांजवेळ यांनी फार महत्त्वाची गोष्ट लिहिली. थायझाइडमुळे लघवीवाटे कॅल्शियम कमी जाते आणि डीमुळे आतड्यातून ते अधिक शोषले जाते. दोन्ही मिळून रक्तातले कॅल्शियम चढू शकते, आणि चढलेले कॅल्शियम रक्तदाबही वाढवते. आठ पाकिटे झाल्यावर डीसोबत कॅल्शियम आणि क्रिएटिनिन तपासून घ्या, आणि पुढची मात्रा तुमच्या डॉक्टरांकडून ठरवा.

गोदाकाठ:
आज औषधांचा डबा पाहिला. आठ पाकिटे मार्चअखेर संपली होती, पण आईने दुकानातून आणखी चार आणून त्यांतली दोन घेतलेली आहेत. सोमवारी तिन्ही तपासण्या करतो. गोळी पूर्वीसारखीच चालू राहील.

नाडीपरीक्षा:
उरलेली दोन पाकिटे अहवाल येईपर्यंत देऊ नका. आईंना तहान किंवा मळमळ जाणवत असेल, तर सोमवारची वाट न पाहता उद्याच रक्त तपासायला द्या.